धनजच्या शिवारातले राखणदार

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले धनज हे काळ्या जमिनीतले गाव. १९९८ साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून त्याचा पत्ता बदलला. पण शेती तीच राहिली. खरिपात सोयाबीन, कपाशी आणि तूर, रब्बीत हरभरा आणि गहू, असा इथला सरळ संसार. दिवाळीपर्यंत सोयाबीन घरात येते. मार्गशीर्ष-पौषात तुरीला शेंगा धरतात, हरभरा फुलावर येतो आणि शिवारात रात्रीचा कारभार सुरू होतो. ओलिताची वीज रात्रपाळीची आली तर मोटर रात्री सुरू करावी लागते. आणि हरभऱ्याचा कोवळा शेंडा रोह्याला आपल्याइतकाच आवडतो. रानडुकरांचे तर विचारूच नका.

अशा दिवसांत रात्री धनजच्या वावरात उभे राहून कान द्यावा. लांब रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारी, कुठे मोटरीची घरघर, कुठे पत्र्याचा डबा बडवणारा जागल्या, कुठे तारेला टांगलेल्या बाटल्यांचा किणकिणाट ऐकू येतो. आणि या सगळ्यांवर आवाज असतो तो कुत्र्यांचा. एक भुंकले की दुसरे भुंकते, दुसऱ्याचे ऐकून तिसरे. पाच मिनिटांत सारे शिवार जागे होते आणि कशासाठी जागे झाले ते कोणालाच ठाऊक नसते.

हरभऱ्यावरची घाटेअळी पाहण्यासाठी मी या भागात नेहमी येतो. कामगंध सापळे, पक्षिथांबे, निंबोळी अर्क हा आमचा ठरलेला विषय. पण चहा झाल्यावर शेतकरी बोलतात ते जनावरांच्या त्रासाबद्दल, आणि त्यातून गोष्ट कुत्र्यावर येतेच. घरोघर कुत्रा आहे. पण घरोघर राखणदार आहे असे म्हणता येत नाही. कुत्रा पाळला की राखणदार आपोआप मिळतो ही समजूत चुकीची आहे. केव्हा भुंकायचे आणि केव्हा गप्प बसायचे हे ज्याला कळते तो राखणदार. आणि हे त्याला शिकवावे लागते.

एका धुऱ्याची दोन वावरे

धनजच्या शिवारात धुऱ्याला धुरा लागलेली दोन वावरे आहेत. दोन्हींत हरभरा, दोन्हींत कुत्रा. पहिल्या वावरातला मोत्या धिप्पाड, काळा, आवाज असा की पलीकडच्या शिवारात ऐकू जावा. दुसऱ्या वावरातले कुत्रे बारकेसे, तांबूस, नाव टिप्या. पाहणारा म्हणेल, राखण करावी तर मोत्यानेच.

मोत्याचा मालक मात्र डोक्याला हात लावून बसला होता. आदल्या आठवड्यात रोह्यांचा कळप उतरून त्याच्या हरभऱ्याचा एक कोपरा साफ करून गेला. मी विचारले, "कुत्रा नव्हता का भाऊ?"

"होता ना साहेब. रातभर भुकत होता. पन तो रोजच भुकते! पयले दोन-चार रोज उठलो मी बॅटरी घेऊन. काईच नाई. मंग उठनं सोडलं. ज्या राती रोही आले त्या राती बी तसाच भुकला. मले वाटलं, रोजचंच हाय."

लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. इथे ती कुत्र्याने मालकाला सांगितली. मोत्याने आपले काम केले नाही असे नाही. त्याने पाखरू उडाले तरी भुंकून सांगितले, पान हलले तरी सांगितले, दूरच्या कुत्र्याला उत्तर म्हणूनही भुंकला, आणि रोही आले तेही सांगितले. त्यातले खरे कोणते हे मालकाला निवडता आले नाही.

फवारणीचे आम्ही काय सांगतो? एक अळी दिसली की पंप पाठीला लावू नका. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग सापडू लागले किंवा ओळीच्या मीटरभर अंतरात एक-दोन अळ्या दिसू लागल्या, की मग फवारा. त्याला आम्ही नुकसानीची पातळी म्हणतो. कुत्र्याच्या भुंकण्यालाही अशी पातळी लागते.

"पाह्यलं, आता चूप"

टिप्या मात्र एका आजीबाईंच्या हाताखाली तयार झालेला. वय सत्तरीच्या पुढचे, वावरातच खोपडीत राहणाऱ्या. मी तिथे बसलो असताना टिप्या उठला, कान उभे केले आणि तीनदा भुंकला. आजी हातातले काम टाकून उठल्या, तो पाहत होता तिकडे डोळ्यांवर हात धरून पाहिले. पाणंदीने कोणीतरी सायकलवाला चालला होता. आजी म्हणाल्या, "पाह्यलं, आता चूप." टिप्या गप्प झाला, जवळ आला. आजींनी पदराच्या गाठीतला भाकरीचा वाळका तुकडा काढून त्याला दिला आणि पुन्हा कामाला लागल्या.

मी विचारले, "आजी, हे कुठे शिकलात?"

"शिकाचं काय त्यात बाबू? ते भुकलं की उठा लागते. आपन उठलोच नाई, तं त्याले कसं समजन का बरोबर भुकलं का चूक?"

एवढ्या दोन वाक्यांत सगळे शास्त्र आले. कुत्रा भुंकतो म्हणजे निरोप देतो. निरोप पोचला याची पावती त्याला मिळाली नाही तर तो तोच निरोप पुन्हा पुन्हा देत राहतो. सोसायटीत पैसे भरले आणि पावती मिळाली नाही तर आपण खिडकीशी उभेच राहतो ना? आजींचा "पाह्यलं" हा शब्द म्हणजे ती पावती. ती मिळाली की कुत्र्याचे काम संपते.

मोत्याच्या घरी दोन पावत्या होत्या आणि दोन्ही चुकीच्या. एक म्हणजे मालकाचे ओरडणे. "ए चूप बस!" म्हणून आपण बाजेवरूनच ओरडतो, तेव्हा कुत्र्याला वाटते की धनीही आपल्या साथीला भुंकतो आहे, आणि त्याला जास्तच जोर चढतो. दुसरी म्हणजे भाकरी. फार भुंकतो म्हणून त्याच्यापुढे चतकोर टाकला की तो घटकाभर गप्प होतो खरा, पण तो शिकतो एवढेच, की भुंकले की भाकरी मिळते. तुकडा द्यायचाच, पण गप्प झाल्यावर.

भुंकण्याची भाषा

कुत्रा लांडग्याच्या कुळातला. पण लांडगा क्वचितच भुंकतो. तो गुरगुरतो, रडल्यासारखा लांब सूर काढतो. भुंकणे वाढले ते हजारो वर्षे माणसाजवळ राहून. आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात बसेंजी नावाची कुत्र्याची एक जुनी जात आहे. ती आपल्या कुत्र्यांसारखी भुंकत नाही, गळ्यातून वेगळाच सूर काढते. म्हणजे सारी कुत्री सारखी भुंकतात असेही नाही.

हंगेरी देशात बुडापेस्ट येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंढ्या राखणाऱ्या मुदी जातीच्या कुत्र्यांचे भुंकणे टेप करून माणसांना ऐकवले. अनोळखी माणूस आला तेव्हाचे, खेळतानाचे, एकटे बांधून ठेवले तेव्हाचे, असे वेगवेगळे आवाज होते. २००५ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही त्यांनाही यातला बराचसा फरक ओळखता येतो. मग आपण तर कुत्र्यांसोबतच वाढलेली माणसे. थोडा कान दिला तर आपल्याला का कळू नये?

जाड आवाजात भराभर भुंकणे आणि मधे गुरगुर, म्हणजे अनोळखी माणूस किंवा मोठे जनावर जवळ आहे. बारीक, उंच आवाजात, शेपूट हलवत भुंकणे म्हणजे घरचे कोणी आले किंवा खेळायचे आहे. एकच एक "भो", मग थांबणे, मग पुन्हा "भो", असे तासन् तास चालले तर कुत्रा एकटा पडला आहे, कंटाळला आहे, नाहीतर तहानलेला आहे. एकाच जागी मान खाली घालून, पुढे जाऊन मागे उडी घेत भुंकत असेल तर तिथे बहुधा साप आहे. अशा वेळी अनवाणी धावू नका. बॅटरीचा उजेड पाडा आणि कुत्र्याला मागे बोलवा.

कुत्रा "उगीच" भुंकतो असे आपण म्हणतो तेव्हाही जरा थांबावे. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. आपल्याला शांत वाटणाऱ्या रात्री त्याच्या कानात पुष्कळ काही चाललेले असते. म्हणून भुंकलाच का, असा राग धरू नये. भुंकून झाल्यावर तो आपले ऐकून थांबतो की नाही, एवढेच पाहावे.

शिकवावे कसे

पिल्लू घरी आणले की पहिले तीन महिने महत्त्वाचे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याच्या मनात ओळखीचे म्हणून बसते. या दिवसांत त्याला गाय, बैल, शेळी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, शाळेची पोरे, पोस्टमन, दूधवाला, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकत चालणारा म्हातारा, सगळे दाखवावे. जे त्याने लहानपणी पाहिले त्यावर ते मोठेपणी घाबरून भुंकत नाही. कोंडून वाढवलेले पिल्लू मात्र पुढे साऱ्या जगाला चोर समजते. रस्त्यावर लोकांत मिसळताना मात्र लस झालेली नसेल तोवर भटक्या कुत्र्यांपासून त्याला जपावे.

पाचव्या-सहाव्या महिन्यापासून दोन शब्द शिकवावेत. एक भुंकण्याचा आणि एक थांबण्याचा. गंमत अशी, की गप्प बसायला शिकवायचे तर आधी सांगून भुंकायला शिकवावे लागते.

दारावर कोणी आले, पिल्लू भुंकले की लगेच म्हणावे, "बोल!" आणि शाबासकी द्यावी. घरातल्याच एकाने बाहेरून कडी वाजवावी आणि दुसऱ्याने आत म्हणावे, "बोल!" असे रोज पाच मिनिटे, आठ-दहा दिवस केले म्हणजे त्याला शब्द आणि काम यांची सांगड बसते.

मग दुसरा शब्द. "चूप" म्हणा, "बस्स" म्हणा, आजींसारखे "पाह्यलं" म्हणा. पण शब्द एकच ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. बाप म्हणतो "चूप", आई म्हणते "हाड", पोरगा म्हणतो "गप रे", असे झाले तर कुत्र्याने कोणाचे ऐकावे? तो भुंकत असताना नाकापुढे तुकडा धरावा. हुंगण्यासाठी तो क्षणभर थांबतोच, कारण हुंगणे आणि भुंकणे एका वेळी जमत नाही. तेवढ्यात हळू आवाजात तो शब्द उच्चारावा, दोन-तीन श्वास जाऊ द्यावेत आणि मग तुकडा द्यावा. दुसऱ्या दिवशी पाच श्वास, मग दहा. महिनाभरात तुकड्याऐवजी पाठीवर हात फिरवला तरी पुरतो.

मोठ्या कुत्र्याला लागलेली सवय मोडायची तर जास्त वेळ लागतो. त्यात एक अवघड टप्पा येतो. आजवर भुंकल्यावर भाकरी मिळत होती, ती बंद झाली की पहिले काही दिवस कुत्रा आधीपेक्षा जास्त भुंकतो. "कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडे" म्हणून बरेच जण इथेच हात टेकतात आणि पुन्हा तुकडा टाकतात. तेव्हा कुत्रा शिकतो की जास्त भुंकले की मिळते! हे चार-आठ दिवस दम धरावा. म्हण शेपटाची आहे, कुत्र्याची नाही. शेपूट सरळ होत नसेल, पण कुत्रा शिकतो.

काठी मात्र यात आणू नये. मारलेला कुत्रा गप्प होतो तो भिऊन. भ्यालेला कुत्रा दोनच गोष्टी करतो. एक तर चोर आला तरी कोपऱ्यात बसतो, नाहीतर न भुंकता एकदम चावतो. भुंकणारे कुत्रे चावत नाही ही म्हण पूर्ण खरी नाही, पण न भुंकता चावणारे कुत्रे जास्त वाईट, हे मात्र खरे. भुंकणे आणि गुरगुरणे ही त्याची आगाऊ सूचना असते. ती मारून बंद केली तर घरातल्या लेकरांनाच धोका.

मेंढवाड्यावरची शाळा

उन्हाळ्याच्या तोंडी वावरे रिकामी झाली की मेंढरांचे कळप या भागातून फिरतात. शेतकरी आपल्या वावरात दोन-चार रात्री मेंढ्या बसवून घेतो. तेवढेच लेंडीखत मिळते. अशा मेंढवाड्यावरची कुत्री मुद्दाम पाहावीत. दिवसा ती अशी पडलेली असतात की जिवंत आहेत का असा प्रश्न पडावा. मेंढ्या अंगावरून जातात, कोकरे पाठीवर चढतात, हूं की चूं नाही. रात्री मात्र प्रत्येक कुत्रे आपापल्या बाजूला जाऊन बसते. एक भुंकले तर दुसरे उठून कान देते, पण आपली बाजू सोडून धावत नाही.

धनगराला विचारले तर तो म्हणतो, आम्ही काही शिकवत नाही, जुने कुत्रे नव्याला शिकवते. ते खरेच आहे. पण त्यात धनगराचाही हात असतो. तो कळपातल्या प्रत्येक भुंकण्याला उठतो. लांडग्याशी गाठ असलेल्या माणसाला झोपून चालत नाही. शिवाय पिल्लू मेंढ्यांतच वाढवले जाते, आणि जे उगीच कोकरांमागे धावते ते कळपात ठेवले जात नाही. म्हणून राखणीसाठी पिल्लू घ्यायचे तर शांत, कामसू कुत्रीचे पिल्लू पाहून घ्यावे. रंग आणि रुबाब नंतर.

धुरा ही त्याची सीमा

राखणदाराचे काम सांगण्याचे, शिकार करण्याचे नाही. ही गोष्ट कारंजा तालुक्यात तर फारच ध्यानात ठेवावी, कारण कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे. काळवीट हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले जनावर. कुत्री अंगावर घालून काळवीट मारवणे ही शिकारच ठरते, आणि "कुत्र्याने मारले, मी नाही" हे म्हणणे चालत नाही. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या हरणांची पाडसे फाडतात, हे दुःखही या भागाला नवे नाही.

रानडुकरामागे कुत्रा सोडणे तर कुत्र्याच्याच जिवावर बेतते. सुळ्याच्या एका फटक्यात पोट फाटते. ज्या शिवारात बिबट्याचा वावर आहे तिथे रात्री वावरात कुत्रा एकटा बांधून घरी येणे म्हणजे त्याला वाढून ठेवण्यासारखे आहे.

म्हणून कुत्र्याला आपला धुरा दाखवावा. रोज संध्याकाळी त्याला दोरीला धरून वावराच्या चारी धुऱ्यांवरून फिरवावे. तो धुरा ओलांडू लागला की थांबावे, नाव घेऊन परत बोलवावे, आला की शाबासकी द्यावी. पंधरा-वीस दिवसांत हद्द त्याच्या पायांत बसते. जनावर आले तर त्याने धुऱ्यावर उभे राहून भुंकावे, आपण उजेड पाडावा, डबा वाजवावा. जनावराला पळायला एक बाजू मोकळी ठेवावी. कोंडलेले रानडुक्कर माणसावर येते.

यात एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडू नका. तो गुन्हा तर आहेच, पण त्या तारेला जनावराआधी आपलाच भाऊ, शेजारी, नाहीतर हा बिचारा कुत्रा चिकटतो. झटका देणारे सौर कुंपण वेगळे आणि ही उघडी तार वेगळी. राखण करूनही नुकसान झालेच तर वनविभागाकडे उशीर न करता अर्ज करावा आणि पंचनामा करून घ्यावा.

पोटाला भाकरी, मानेला मोकळीक

हितोपदेशात एक गोष्ट आहे. वाराणसीच्या एका परटाकडे गाढव आणि कुत्रा होता. रात्री चोर शिरला. गाढव म्हणाले, "अरे, भुंक ना, धन्याला उठव." कुत्रा म्हणाला, "धनी मला पोटभर घालत नाही. त्याला माझी किंमत कळू दे." शेवटी गाढवच ओरडले, आणि झोपमोड झालेल्या परटाने त्यालाच बडवले. ही गोष्ट सांगताना आपण दुसऱ्याच्या कामात पडू नये असे तात्पर्य काढतो. पण उपाशी कुत्र्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही.

राखणीच्या कुत्र्याला संध्याकाळी पोटभर मिळाले पाहिजे आणि रात्री त्याच्याजवळ पाण्याचे भांडे पाहिजे. भाकरी, ताक, डाळीचे वरण, जमेल तसे अंडे. कांदा मात्र घालू नये, तो कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. गोचिडांनी भरलेला कुत्रा रात्रभर खाजवतो, कण्हतो आणि भुंकतो. त्याला काठी नको, गोचिडाचे औषध हवे.

दिवसरात्र साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि जास्त भुंकतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी घालणारा १९६० चा कायदा आहे. त्यात नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणे हाही मालकाचा गुन्हा धरला आहे. कायदा नसता तरी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास त्याला मोकळे करणे आपल्याच फायद्याचे. थकलेला कुत्रा शांत झोपतो आणि कामापुरताच उठतो.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यांना दत्ताचा अवतार मानतात. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. आपण तसबिरीला हार घालतो आणि दारातल्या कुत्र्याला दगड मारतो, हे काही बरे नाही.

आवाज बदलला तर

भुंकण्याबद्दलची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. घरातल्या मोठ्या माणसाने ती साऱ्यांना वाचून दाखवावी.

आपल्या कुत्र्याचा आवाज आपल्याला ओळखीचा असतो. तो आवाज एकाएकी घोगरा झाला, चिरका झाला, किंवा भुंकताना मधेच लांबट ओढ येऊ लागली, आणि सोबत कुत्रा विनाकारण अंगावर येऊ लागला किंवा अंधारात जाऊन बसू लागला, तोंडातून लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबू लागला, तर पिसाळण्याची शंका घ्यावी. अशा वेळी "घशात हाड अडकले असेल" म्हणून पुष्कळ जण कुत्र्याच्या तोंडात हात घालतात. तसे मुळीच करू नका. त्या लाळेतच रोग असतो. कुत्र्यापासून माणसे आणि गुरे दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

कुत्रा चावला, ओरखडले, किंवा जखमेवर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. सरळ आरोग्य केंद्र गाठा आणि सांगितलेल्या सगळ्या तारखांना लस घ्या. जखम खोल असेल तर डॉक्टर तिच्या भोवती आणखी एक इंजेक्शन देतात, तेही टाळू नका. रोगाची लक्षणे दिसू लागली की मग हाती काही राहत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेले कुत्रे चावलेल्या मुलाला पहिल्यांदा लस दिली. त्याला आता एकशे चाळीस वर्षे झाली. तरीही आपल्या खेड्यांतली माणसे मंत्र-गंड्यात वेळ घालवून जीव गमावतात.

कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्यावी, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि मग दरवर्षी. घरचा राखणदार घरालाच धोका ठरू नये, याची ही सर्वांत स्वस्त खबरदारी.

शेजार आणि झोप

रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याने फक्त आपली झोप जात नाही. शेजारी दहावीचा अभ्यास करणारी मुलगी असते, बाळंतीण असते, दम्याचा म्हातारा असतो. कुत्र्यावरून सुरू झालेले भांडण धुऱ्याच्या भांडणापर्यंत जाते, आणि एखाद्या रात्री कोणीतरी विष घातलेला तुकडा टाकते. मरतो तो मुका जीव, आणि दोन घरांचे बोलणे कायमचे बंद होते.

त्यापेक्षा धुऱ्याला धुरा असलेल्या दोन-चार घरांनी मिळून ठरवावे. कोणाचे कुत्रे कोणत्या बाजूला बसेल, भुंकल्यावर पहिल्यांदा कोण उजेड पाडील, एकमेकांच्या कुत्र्यांची ओळख कशी करून द्यायची. शेजारच्या कुत्र्याला आपला वास ओळखीचा झाला की अर्धे भुंकणे तिथेच थांबते. पोरांनाही सांगावे की साखळीतल्या कुत्र्याला खडे मारून भुंकवण्यात मर्दुमकी नाही. दिवसभर भुंकवलेला कुत्रा रात्री खऱ्या वेळी थकलेला असतो.

मोत्याच्या मालकानेही आता सुरुवात केली आहे. संध्याकाळी मोत्याला धुऱ्यावरून फिरवतो, भुंकला की उठतो, पाहतो आणि आजींचाच शब्द वापरतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, अजून लय भुकते. पन आता मधात मधात थांबते, अन् माह्याकडं पाह्यते."

ते पाहणे म्हणजे निम्मे काम झाले. कुत्रा धन्याकडे पाहू लागला की तो शिकू लागला. पुढचे काम धन्याचे आहे. यंदा हरभरा घाट्यावर येण्याआधीच ते हाती घ्यावे. रोज पाच मिनिटे, एक शब्द आणि भाकरीचा एक तुकडा, एवढेच भांडवल लागते. आणि कुत्रा भुंकला की अंगावरची वाकळ बाजूला सारून एकदा उठायला लागते.